कल्हईचे चार गडू

मास्तर,

गावात विजेचा एक खांब नव्हता तेव्हा तुम्ही आम्हाला वीज शिकवत होतात, हे आता कुणाला सांगितलं तर हसतात. परंड्यात तेव्हा दिवेलागणीच्या आधी घरोघरी कंदिलाच्या काचा राखेनं पुसल्या जायच्या, आमच्या घरी ते काम माझ्याकडं होतं. आठवीच्या वर्गात आम्ही तिघी मुली पहिल्या बाकावर आणि मागं तीसेक मुलगे. त्या सगळ्यांत विजेचा दिवा डोळ्यांनी पाहिलेले चारपाचजण, तेही कुर्डुवाडीच्या स्टेशनावर. बाकीच्यांना विद्युतप्रवाह, दाब आणि रोध म्हणजे न पाहिलेल्या सासरच्या माणसांची नावं पाठ करण्यासारखं होतं. तुम्ही मात्र पाठ करू द्यायचा नाहीत. कुणी पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हटलं की टोपी काढून डोकं खाजवायचात आणि म्हणायचात, "बरोबर हाय. आता हेच मला कळंल असं सांग." मला तुमचा त्या वेळी फार राग यायचा, कारण पाठांतरात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं आणि तुम्ही त्या एकाच गोष्टीला किंमत देत नव्हतात.

तुम्ही स्वतः शिकला होतात हैदराबादेत, उर्दूतून. विलीनीकरण झालं, दोनतीन वर्षांत शाळेची भाषा मराठी झाली, आणि ज्या माणसानं सायन्सचा शब्दन्‌शब्द उर्दूत वाचला होता तो मराठीत सायन्स शिकवायला उभा राहिला. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत तुमच्यासारख्या माणसानं आहे तिथंच पाय रोवून राहणं म्हणजे काय होतं, हे मला चौदाव्या वर्षी कळत नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की फळ्यावर लिहिताना तुमचा खडू मध्येच थांबतो. पुढं जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तपासणीला पुण्याकडचे साहेब यायला लागले. एके दिवशी हेडमास्तरांनी तुम्हाला व्हरांड्यातच, आमच्यादेखत सांगितलं, "पंधरा दिवसांनी, सोमवारी, साहेब तुमचा विजेचा पाठ बघणार. मराठीत, प्रयोगासकट. त्यांना पटला तर सायन्स तुमच्याकडं राहील, नाहीतर खालचे वर्ग घ्यावे लागतील. माझ्या हातात काही नाही." तुम्ही "जी" म्हणालात आणि वर्गात येऊन हजेरी घेतलीत. हजेरी घेताना दोन नावं गाळलीत, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला थांबवलंत. "बेटी, तुझी मराठी साफ हाय. माझा धडा ऐकशील का? चुकलो की टोकायचं." मास्तर, मला पुढं शाली-नारळ बरेच मिळाले, पण त्या वाक्यानं मी जितकी फुगले तितकी पुन्हा कशानं फुगले नाही. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत तुम्ही फळ्यापुढं उभे राहता आणि मी स्टुलावर बसून तुमचा धडा ऐकते. तुमच्या हातात पुठ्ठ्याचे तुकडे आहेत, त्यांवर मराठी शब्द उर्दू अक्षरांत लिहिलेले, उजवीकडून डावीकडं. पाठ केलेलं बोलताना तुम्ही अडखळता, समजावून सांगायला लागलात की सुटता. "किल्ल्याचा दरवाजा पाहिलास ना? गर्दीच्या दिवशी मागून लोक रेटतात, तो रेटा म्हणजे दाब. दरवाज्यातून मिनिटाला जितकी माणसं जातात तो प्रवाह. दरवाजा तंग, तो रोध. रेटा दुप्पट कर, माणसं दुप्पट जातील. दरवाजा आणखी तंग कर, माणसं कमी." मी विचारते, "अन् गेलेली माणसं कुठं जात्यात?" तुम्ही म्हणता, "फिरून मागं येतात की! वाट पुरी असंल तरच चालतात. मधी कुठं तुटली, तर सगळी जिथल्या तिथं उभी. म्हणून तर दोन तारा." पुस्तकाच्या अख्ख्या पानातून जे कळलं नव्हतं ते मला तेवढ्यात कळलं, पण मी मोठी शिष्ट. मी म्हटलं, "मास्तर, साहेबांपुढं तंग म्हणायचं न्हाय. अरुंद म्हणा." तुम्ही लगेच पुठ्ठ्यावर लिहून घेतलंत.

हे मी घरी सांगितलं नाही. खोलीची दोन्ही दारं तुम्ही सताड उघडी ठेवायचात, व्हरांड्यात शिपाई बसलेला असायचा, तरी सांगितलं नाही. माझं नाव शाळेतून काढावं म्हणून चुलते सहावीपासून वडिलांच्या मागं लागले होते, आणि आईनं हट्टानं मला शाळेत टिकवलं होतं. पोरगी सुट्टीत मास्तरांजवळ एकटी बसते, त्यात मास्तर मुसलमान, एवढं नुसतं कुणी बोललं असतं तरी दुसऱ्या दिवसापासून मी घरी भाकरी थापत बसले असते. हे तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तुम्हीही शाळेत कुणाला काही बोलला नव्हतात.

प्रयोगाचं सामान म्हणून शाळेच्या कपाटात एक होकायंत्र होतं आणि काचेच्या दोन नळ्या, त्यांतली एक फुटकी. तुम्ही बसनं कुर्डुवाडीला गेलात आणि मोटारवाल्याकडून बाटलीभर तेजाब, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड, आणि हातबॅटरीचा एक बल्ब घेऊन आलात. मुलांकडून वापरून संपलेले सेल गोळा केलेत आणि त्यांची जस्ताची कवचं सोलून घासून ठेवलीत. दुसरा धातू तांबं, तर तांब्याचं भांडंच वापरायचं तुम्ही ठरवलंत. भांड्यात पाणी घातलेलं पातळ तेजाब, त्यात आडव्या काडीला टांगलेलं जस्त, कडेला न टेकता. अशी चार भांडी तारेनं एकापुढं एक जोडली की चौघांचा रेटा मिळून बल्ब लागेल. तुमच्या घरची भांडी चालणार नव्हती. तुमच्यात तांब्याच्या भांड्याला आतून-बाहेरून कल्हई करतात. आमच्यात पिण्याच्या पाण्याचं तांबं उघडंच असतं, चिंच-राखेनं घासलेलं. "कल्हईचं न्हाय चालणार, तुझ्या घरी उघड्या तांब्याचे चार गडू मिळतील?" असं तुम्ही मला विचारलंत. मिळतील म्हटलं. आईच्या रुखवतातले चार होते. कल्हईचं का चालत नाही, हे मात्र मी विचारलं नाही आणि त्या गडबडीत तुम्हीही सांगितलं नाहीत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, शिपाई जेवायला घरी गेला, आणि आपण चार गडू मांडले. मी आपली उत्साहानं तेजाबाच्या बाटलीत पाणी ओतायला निघाले. तुम्ही माझं मनगट इतकं जोरात धरलंत की बांगडी फुटली. "पाण्यात तेजाब! तेजाबात पाणी कधीच न्हाय! डोळे जातील, बेवकूफ!" एवढं ओरडलात आणि लगेच मनगट सोडून दोन पावलं मागं सरकलात. हात धरला म्हणून माफी मागितलीत. चौदा वर्षांच्या मुलीची माफी मागणारा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग तारा जोडल्या. बल्बातली तार आधी लाल झाली, मग पिवळी, मग खरोखर उजेड पडला, भर दुपारी दिसण्याइतका. मिनिटभरात तो मंदावला. तुम्ही काड्या हलवल्यात, तांब्याला चिकटलेले बुडबुडे सुटले आणि तो पुन्हा उजळला. तुम्ही हसून उर्दूत काहीतरी म्हणालात, ते मला कळलं नाही, आणि मी त्या एका वेळी तुम्हाला टोकलं नाही.

संध्याकाळी गडू घासून घरी नेले, सोमवारी पुन्हा आणायचे होते. आईला मी एवढंच सांगितलं होतं की साहेब येणार आहेत आणि मास्तरांना चार गडू पाहिजेत. तेजाब नाही, प्रयोग नाही, सुट्टीतला धडा तर नाहीच. आईनं सरळ अर्थ लावला, की मास्तर आपल्या घरून साहेबांना पाणी पाजणार आहेत आणि त्यांच्याकडं धड भांडी नाहीत. तिनं गडू हातात घेतले आणि कपाळावर हात मारला. "आगं, असं उघडं तांबं दिलंस व्हय? त्येंच्यात कल्हई लागती. मास्तरीणबाई काय म्हनतील? कसंबी दिलं म्हनतील." मी म्हटलं, "चालतंय गं आई." "तुला काय कळतंय? द्यायचं तर नीट द्यावं." रविवारी कल्हईवाला गल्लीत आला तेव्हा तिनं चारी गडू त्याच्यापुढं ठेवले, आतून-बाहेरून करून दे म्हणाली आणि स्वतः उंबऱ्यात बसून राहिली. मीही शेजारी उभी. भाता चालतोय, नवसागराचा पांढरा धूर नाकात जातोय, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरतंय आणि तांबडा गडू बघता बघता चांदीसारखा होतोय. मला ते इतकं आवडलं, की साहेब हे गडू बघून खूश होतील असं मीच आईला म्हटलं. तुमचं वाक्य माझ्या कानात होतं, डोक्यात नव्हतं. पाठांतर करणाऱ्यांचं असंच होतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आमच्या घरी मुसलमान माणूस आला तर त्याच्यासाठी वेगळी कपबशी असायची, ओसरीतल्या फळीवर, उपडी घातलेली. मीच ती अनेकदा काढून दिली आहे. त्या घरातल्या बाईनं आपल्या रुखवतातले गडू तुमच्या घरच्या रीतीप्रमाणं करून दिले, ही तिच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. मला वाटतं तुम्हाला हे सांगायची गरज पडली नसावी. तुम्हाला फळीवरची कपबशीही माहीत असणार.

सोमवारी मी गडू टेबलावर मांडते तेव्हा साहेब मागच्या खुर्चीवर येऊन बसलेले आहेत. तुम्ही गडूंकडं पाहता आणि एकाच्या आतून बोट फिरवता. हळूच विचारता, "कल्हई कुणी केली?" मी ऐटीत सांगते, "आईनं करून घेतली." तुम्ही माझ्याकडं बघता. मग म्हणता, "लई सुरेख केली," आणि फळ्याकडं वळता. पाठ चांगला होतो. प्रवाह, दाब, रोध, सगळे शब्द जागच्या जागी. अरुंदसुद्धा. साहेब वहीत काहीतरी लिहितात, मान हलवतात. मग तुम्ही तेजाब ओतता, जस्त टांगता, शेवटची तार जोडता. बल्ब लागत नाही. तुम्ही सांधे तपासता, काड्या हलवता. बल्ब काही लागत नाही. मुलं मागं कुजबुजायला लागतात. साहेब विचारतात, "मास्तर, दिवा कुठं आहे?"

तुम्ही तारेखाली होकायंत्र धरलंत. काटा जरासा हलला. "प्रवाह हाय, साहेब, पण कमी हाय," तुम्ही म्हणालात आणि पुठ्ठ्याचे तुकडे टेबलावर पालथे ठेवलेत. त्यानंतर तुम्ही जे बोललात तो माझ्या आयुष्यातला वीज या विषयावरचा सगळ्यात चांगला धडा होता. साफ मराठी तिथंच संपली. "रेटा भांड्यातून येत न्हाय, तेजाबातून येत न्हाय. दोन धातूंत जो फरक असतो, त्यातून येतो. जस्त आणि तांबं, फरक मोठा, रेटा मोठा. पण या गडूला आतून कथील हाय. तेजाबाला तांबं दिसतच न्हाय, त्याला दिसतं कथील. जस्त आणि कथील, फरक थोडा. बल्ब तोच, तारा त्याच, रोध तोच. रेटा घटला म्हणून प्रवाह घटला. माझ्या ध्यानात राहिलं न्हाय, साहेब, चूक माझी हाय. शनिवारी कथील नव्हतं. शनिवारी याच गडूंवर बल्ब लागला होता."

साहेबांनी वर पाहिलं. "शनिवारी? कुणी पाहिला?" तुम्ही शेवटची तार सोडवायला लागलात, तेव्हा त्यांनी वर्गाकडं बघून विचारलं, "तुमच्यापैकी कुणी पाहिला का?" सगळा वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. मी पहिल्या बाकावर होते. उठायचं म्हणजे शनिवारी, शाळा सुटल्यावर, शिपाई नसताना मी तुमच्याजवळ एकटी होते हे गावभर सांगणं. चुलत्यांना दुसरं काही लागलं नसतं. मी उठले नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, खिडकीकडं बघत म्हणालात, "कुणी न्हाय, साहेब. मी एकटाच होतो." साहेबांनी टोपण लावून पेन खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "कल्हई तर तुमी आधीच बघितली व्हती. मग गडू परत का न्हाय केलं?" तुम्ही म्हणालात, "परत केले असते तर तुझ्या आईला वाटलं असतं, आपलं दिलेलं नाकारलं. तिनं इज्जतीनं दिलं होतं, बेटी. बल्ब काय, पुन्हा लागंल." शनिवारबद्दल ना तुम्ही बोललात ना मी. मला वाटत होतं तुम्ही रागवाल. रागवावं असंही वाटत होतं. तुम्ही मागच्या धड्याची उत्तरं मागितलीत. मी ती घडाघडा म्हटली आणि तुम्ही, पहिल्यांदाच, पुढचं काही विचारलं नाहीत. गडू मी घरी नेले तेव्हा आतली कल्हई काळवंडली होती. आईनं एवढंच विचारलं, "साहेबानं पाणी पिलं का?" मी म्हटलं, "पिलं." ती जन्मभर त्या समाधानात होती.

दिवाळीनंतर सोलापूरकडचा एक तरुण मास्तर सायन्स शिकवायला आला. तुम्हाला तिसरीचा वर्ग दिला आणि उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका खेड्यात तुमची बदली झाली. मी तुम्हाला पुन्हा एकदाच पाहिलं. कॉलेजातून गावी येत होते, वाशीच्या स्टँडवर बस थांबली होती, आणि तुम्ही खाली छत्री घेऊन उभे होतात, दाढी पांढरी झालेली. मी खिडकीतून हाक मारली. तुम्ही ओळखलंत. "सायन्स घेतलंस ना?" "व्हय मास्तर." "शाब्बास." बस हलली. तेव्हा खाली उतरता आलं असतं, पुढची बस दोन तासांनी होती. तुम्ही गेल्याचं मला चार महिने उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एका माणसाकडून, बोलता बोलता.

तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत, धाराशिवला, सायन्स शिकवलं. विजेचा धडा आला की दरवर्षी किल्ल्याचा दरवाजा सांगितला आणि दरवर्षी कल्हईची गोष्ट सांगितली. मुलींना ती फार आवडते, कारण एकदा ऐकली की दाब कुठून येतो ते कुणी विसरत नाही. पण माझ्या गोष्टीत साहेब "कुणी पाहिला?" असं विचारतात तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उभी राहते आणि म्हणते, "मी पाहिला, साहेब." पहिल्या वर्षी ते सहज तोंडून गेलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या वर्षी बदलता आलं नाही, आणि पुढं ते मलाही पाठ झालं. निवृत्त झाल्यावरही शाळा अधूनमधून तासाला बोलावते. परवा आठवीच्या वर्गात हीच गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही तर साहेबांना खरं सांगितलं. मग मास्तरांची बदली का झाली?" मी म्हटलं, "बस खाली, तास संपला." तास संपायला वीस मिनिटं होती.

तुम्हाला पत्र पाठवायचं म्हटलं तर पत्ता तेव्हाही माझ्याकडं नव्हता, मी कधी मागितला नाही. हे वहीतच राहणार आहे. एवढंच सांगते, मास्तर, की वर जिथं 'मी उठले नाही' असं लिहिलंय, तिथं आधी 'मला उठता आलं नाही' असं लिहिलं होतं. ते खोडलं.